तनामीने जावे की डांबराने? युएंडुमूहून ब्रूमच्या समुद्राकडे, वडीलधाऱ्यांसह

लालमाती

नमस्कार. आम्ही दोघे नोकरीनिमित्त ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतील युएंडुमू या वस्तीत राहतो. ॲलिस स्प्रिंग्जच्या वायव्येस सुमारे २९० किलोमीटरवर, तनामी वाळवंटाच्या कडेला असलेली ही वार्लपिरी लोकांची वस्ती १९४६ साली सरकारने शिधावाटपाचे ठाणे म्हणून वसवली. आज हजाराच्या आत लोकसंख्या, एक शाळा, दवाखाना, दुकान आणि जगभर चित्रे पाठवणारे वार्लुकुर्लांगू हे कलाकेंद्र एवढा येथला पसारा आहे. जुलैमध्ये साताऱ्याहून माझे सासू-सासरे येत आहेत. "चहूकडे समुद्र असलेल्या देशात जाऊन नेमके त्याच्या मधोमध कसे काय राहिलात?" असे सासूबाई फोनवर दर वेळी विचारतात, आणि या खेपेला त्यांना समुद्र दाखवायचाच असे आम्ही ठरवले आहे.

त्यासाठी आम्ही निवडलेला समुद्र पश्चिम किनाऱ्यावरच्या ब्रूमचा. तनामी रस्त्याने हॉल्स क्रीकपर्यंत साधारण ७५० किलोमीटर, तेथून ग्रेट नॉर्दर्न महामार्गाने फिट्झरॉय क्रॉसिंगमार्गे ब्रूम साधारण ६८५, म्हणजे एकूण चौदाशेच्या थोडे वर. यातील पहिला टप्पा बहुतांश कच्चा आहे. रस्ता पक्का करण्याचे काम चालू आहे. पण आमच्या वस्तीच्या पुढे, वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या सीमेपर्यंत आणि सीमेपलीकडेही, प्रवाशाने मातीचाच हिशेब धरावा.

दुसरा पर्याय पूर्ण डांबराचा आहे. आधी उलट दिशेने ॲलिस स्प्रिंग्जच्या बाजूला जायचे, स्टुअर्ट महामार्गाने कॅथरिनपर्यंत उत्तरेकडे सुमारे १,२०० किलोमीटर, तेथून पश्चिमेला कुनुनुरा सुमारे ५००, मग हॉल्स क्रीक साडेतीनशेच्या आसपास आणि पुढे तोच ब्रूमचा रस्ता. एकूण तीन हजार किलोमीटर, म्हणजे तनामीच्या दुप्पट.

आम्ही दोघांनी तनामीचा प्रवास पूर्वी केलेला आहे, गाडी डिझेलची लँड क्रूझर आहे आणि सामानही जमवलेले आहे. सासरे ७२ वर्षांचे असून इन्सुलिन घेतात; सासूबाईंचे गुडघे दुखतात. नवऱ्याचे म्हणणे असे की दोन दिवसांचा कच्चा रस्ता हा सहा दिवसांच्या डांबरापेक्षा बरा. मला तसे वाटत नाही, पण माझे मत भीतीतून आलेले आहे की विचारातून, हे मला इतरांचे ऐकल्याशिवाय ठरवता येत नाही. ज्यांनी असा प्रवास केला आहे त्यांनी कृपया लिहावे.

पर्थकर

धागा वाचून बरे वाटले, कारण बहुतेक लोक असे प्रश्न प्रवास उरकल्यावर विचारतात.

तनामीबद्दल पहिली गोष्ट अंतराची नसून इंधनाची आहे. रॅबिट फ्लॅटचे रोडहाऊस (महामार्गावरचा पंप आणि खाणावळ) २०१० च्या अखेरीस बंद झाले, तेव्हापासून युएंडुमू ते बिलिलूना (हॉल्स क्रीकच्या अलीकडची वस्ती) या सुमारे पावणेसहाशे किलोमीटरच्या पट्ट्यात सामान्य प्रवाशाला भरवशाने इंधन मिळेल असे ठिकाण नाही. मध्ये ग्रॅनाइट्सची सोन्याची खाण लागते, पण ती खाण आहे, पेट्रोलपंप नव्हे. तेथे फाटकाशी थांबून डिझेल मागणाऱ्यांना नकारच मिळतो. बिलिलूनाचे दुकान शनिवार-रविवारी किंवा दुपारनंतर बंद असू शकते, त्यामुळे शहाण्या माणसाने थेट हॉल्स क्रीकपर्यंतचाच हिशेब करावा. कच्च्या रस्त्यावर भरलेली लँड क्रूझर शंभर किलोमीटरला १५ लिटर सहज पिते. ७५० किलोमीटरला साधारण ११३ लिटर, त्यावर वळसा, मागे फिरावे लागणे आणि वाळू यांसाठी आणखी तीसेक लिटर धरा. टाकी मोठी नसेल तर उरलेले जेरीकॅनमध्ये, आणि जेरीकॅन कधीही प्रवाशांच्या डब्यात नको.

दुसरी गोष्ट पाण्याची. प्रत्येकी रोज दहा लिटर, आणि ते एका मोठ्या टाकीत न ठेवता चार-पाच भांड्यांत विभागून, कारण हादऱ्यांनी एक फुटले तर सगळे जाऊ नये. गाडी बंद पडली तर गाडी सोडून चालत जायचे नाही, हा नियम आई-वडिलांना निघण्यापूर्वीच समजावून सांगा. शोध घेणाऱ्या विमानाला गाडी दिसते, चालणारा माणूस दिसत नाही.

राहता राहिला मूळ प्रश्न. मी डांबराच्या बाजूचा नाही. तीन हजार किलोमीटर म्हणजे सहा दिवस रोज पाच-सहा तास बसणे, आणि गुडघेदुखीला त्याहून वाईट काही नाही. शिवाय या देशात गंभीर अपघात मातीपेक्षा डांबरावर जास्त गाफील करून होतात. रस्ता सरळ, वेगमर्यादा उत्तरेकडे काही पट्ट्यांत १३० पर्यंत, चालकाचे डोळे जड, आणि संध्याकाळी समोर कांगारू किंवा मोकाट गुरे.

निवडुंग

मी पुण्याहून पुढच्या वर्षी मित्रांबरोबर येण्याच्या विचारात आहे, म्हणून वाचतो आहे. आम्ही भाड्याने एसयूव्ही घेणार आहोत. अशा गाडीने तनामी होईल का? आणि 'कच्चा रस्ता' म्हणजे नेमका किती कच्चा? आपल्याकडे कोयनेच्या आत गावांकडे जाणारे रस्ते मी चालवलेले आहेत.

पर्थकर

निवडुंग, कोयनेच्या रस्त्यात खड्डे असतात आणि खड्डा चुकवता येतो. तनामीवर चुकवण्यासारखे काही नसते, कारण अख्ख्या रस्त्यालाच पन्हळी पत्र्यासारख्या आडव्या वळ्या पडलेल्या असतात. ठरावीक वेगाच्या वर गेलेली चाके मातीवर बारीक उसळ्या घेतात, प्रत्येक उसळीला थोडी माती पुढे ढकलली जाते, आणि हजारो गाड्यांनी मिळून ही नक्षी उमटते. ग्रेडर येऊन रस्ता सपाट करतो, काही आठवड्यांत वळ्या परत येतात. ताशी ४० ला दात वाजतात. ताशी ८० च्या आसपास चाके उंचवट्यांच्या माथ्यांवरूनच धावतात आणि हादरे कमी होतात, पण त्याच वेळी जमिनीवरची पकडही निम्मी होते. म्हणजे जेव्हा आराम वाटतो तेव्हाच वळणावर गाडी घसरण्याची भीती सर्वांत जास्त.

भाड्याच्या साध्या एसयूव्हीचे उत्तर करारातच असते. बहुतेक करारांत कच्च्या रस्त्यावर विमा लागू नाही असे एक कलम असते. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाला गाडी परत देताना काउंटरवर सांगण्यात आले की खालच्या बाजूला लाल धूळ आहे, म्हणजे तुम्ही करार मोडला. आणि अनामत रक्कम मिळवताना त्यांच्या नाकीनऊ आले. ज्या कंपन्या फोर-व्हील ड्राइव्ह देतात त्यांच्याकडेही तनामीचे नाव घेऊन लेखी परवानगी मागा.

सुईदोरा

लालमाती, मी परिचारिका आहे आणि काही काळ किम्बर्लीमध्ये, म्हणजे हॉल्स क्रीक ते ब्रूम या भागात, काम केले आहे, म्हणून सासऱ्यांपुरते लिहिते.

इन्सुलिनसाठी गाडीतला फ्रिज असेल तर तो २ ते ८ अंशांवर ठेवा आणि आत एक साधा तापमापक टाका, कारण या फ्रिजच्या काट्यावर विश्वास ठेवता येत नाही. जुलैत सगळे उष्णतेचा विचार करतात, पण वाळवंटातल्या रात्री तापमान शून्याजवळ उतरते, आणि गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर दिसायला ठीक असले तरी टाकूनच द्यावे लागते. अर्धा साठा फ्रिजमध्ये आणि अर्धा वेगळ्या थंड पिशवीत, रात्री ती पिशवी तंबूच्या आत, अंथरुणाजवळ. पेनच्या काचेच्या नळ्या हादऱ्यांनी तडकतात. प्रत्येक पेन मोज्यात गुंडाळा आणि मग डब्यात घाला. साखर उतरली तर लागणारी ग्लुकोजची गोळी सासऱ्यांच्या स्वतःच्या खिशात हवी, डिकीतल्या प्रथमोपचाराच्या पेटीत नव्हे.

आता ज्याबद्दल कोणी लिहीत नाही ते. युएंडुमू सोडल्यावर शेकडो किलोमीटर शौचालय नाही. सत्तरीच्या गुडघ्यांना उघड्यावर बसणे जमत नाही, म्हणून वडीलधारी माणसे सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि दुपारी चक्कर, अशक्तपणा, साखरेचा गोंधळ सुरू होतो. छावणीच्या सामानाच्या दुकानात घडीची शौचखुर्ची आणि तिच्याभोवती लावायचा छोटा आडोसा मिळतो. तो घ्या, आणि सासूबाईंना तो घरीच एकदा उघडून दाखवा, म्हणजे वाळवंटात पहिल्यांदा पाहून संकोच होणार नाही. बाकी कशाला नाही म्हणालात तरी चालेल, पण याला म्हणू नका.

वैद्यकीय मदतीचे म्हणाल तर १९२८ साली जॉन फ्लिन यांनी सुरू केलेली फ्लाइंग डॉक्टरची सेवा या भागाचा खरा आधार आहे. पण विमान यायला आधी निरोप पोहोचावा लागतो, आणि मोबाईल वस्तीबाहेर थोड्याच अंतरावर मुका होतो. उपग्रह फोन भाड्याने मिळतो. त्याखेरीज ४०६ मेगाहर्ट्झचा आपत्कालीन बीकन जवळ ठेवा. त्याचा संदेश उपग्रहामार्फत कॅनबेराच्या बचाव केंद्रात जातो. या दोन्ही वस्तू डांबराच्या मार्गावरही लागतीलच, कारण रोडहाऊस सोडले की तेथेही रेंज जाते.

लालमाती

सुईदोरा, खुर्चीचे मला सुचलेच नव्हते आणि सासूबाईंनी स्वतःहून ते कधीच सांगितले नसते. आजच मागवते.

पर्थकर यांच्या इंधनाच्या हिशेबात थोडी भर. वस्तीतल्या पंपावर साधे पेट्रोल नसून ओपल मिळते. पेट्रोल हुंगण्याच्या व्यसनाला आळा घालण्यासाठी २००५ पासून आणलेले, नशा आणणारी ॲरोमॅटिक द्रव्ये कमी असलेले हे इंधन साध्या पेट्रोलगाडीला चालते. डिझेलवाल्यांना फरक पडत नाही.

आमच्या मागच्या प्रवासातले एक सांगण्यासारखे. ग्रॅनाइट्सच्या पुढे कुठेतरी बॅटरीची पकड सैल झाली होती आणि आम्ही जेवायला थांबलो तेव्हा गाडी चालू होईना. बॉनेट उघडले तर बॅटरी आपल्या खाचेतून दोन बोटे सरकलेली, आणि तिला धरून ठेवणाऱ्या पट्टीचा नट गायब. नवऱ्याने कपडे वाळत घालण्याच्या दोरीने ती करकचून बांधली, टर्मिनल घट्ट केले, आणि त्या दोरीवर आम्ही ब्रूम गाठले. प्रेशर कुकरच्या शिटीच्या आत धूळ, लोणच्याच्या बरणीचे झाकण फिरून अर्धे उघडलेले, तेलात भिजलेले पांघरूण, हे सगळे त्याच प्रवासातले. म्हणून आता दर दोन तासांनी थांबून पाना फिरवणे हा आमच्याकडे नियम आहे: चाकांचे नट, छतावरचा कॅरियर, बॅटरी.

टायरबद्दलही लिहिते. डांबरावर ४० पौंड दाब असलेले टायर मातीवर आम्ही २८ ते ३० पर्यंत उतरवतो, त्यामुळे हादरे कमी होतात आणि टोकदार दगडाने टायर फाटण्याचा धोकाही कमी होतो. वेग मात्र त्याबरोबर उतरवावा लागतो, नाहीतर टायर आतून तापून फुटतो. दोन जादा चाके आणि हवा भरायचा कंप्रेसर याशिवाय निघणे म्हणजे दैवावर हवाला.

दगडधोंडे

मी भूविज्ञानाचा विद्यार्थी होतो, त्यामुळे तनामीची बाजू घेण्याचे माझे कारण वेगळे आहे. हॉल्स क्रीकच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून सुमारे २३ किलोमीटर आत, वुल्फ क्रीकचे विवर आहे. सुमारे ८८० मीटर व्यासाचे हे उल्काविवर जगातल्या सुस्पष्ट विवरांपैकी एक आहे. युरोपीयांच्या लक्षात ते १९४७ साली विमानातून आले. जारू लोक मात्र पिढ्यानपिढ्या त्याला कांदिमलाल म्हणत आलेले आहेत. आपल्या लोणारचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि तळाशी खारे पाणी. येथे व्यास त्याच्या निम्मा, पाणी नाही, आणि तळाच्या मध्यभागी क्षार सहन करणाऱ्या झाडांचे गोल बेट. लोणारचा कातळ बेसॉल्टचा आणि हा वालुकाश्माचा, म्हणून कडा वेगळ्या तऱ्हेने झिजलेल्या दिसतात. बुलढाण्याचा माणूस म्हणून सांगतो, लोणार पाहिलेल्या माणसाला हे विवर पाहताना जी मजा येते ती इतरांना येणार नाही. साताऱ्याच्या मंडळींना दाखवाच.

सुईदोरा

दगडधोंडे, विवराच्या कडेवर चढायची वाट दगडांची आहे आणि सासूबाईंचे गुडघे वर लिहिलेले आहेत. आतल्या त्या रस्त्याच्या वळ्या मुख्य रस्त्यापेक्षा वाईट असतात.

दगडधोंडे

मान्य. हॉल्स क्रीकहून विवरावरून फिरवून आणणारी छोटी विमाने कोरड्या ऋतूत मिळतात. बजेट असेल तर वरूनच पाहावे, आणि खरे तर विवर वरूनच कळते.

भरतीओहोटी

ब्रूममध्ये काही वर्षे काढली आहेत आणि आता ॲडलेडला असतो. धाग्यात दोन गोष्टी राहिल्या आहेत असे वाटते.

पहिली, हा रस्ता मोकळ्या वाळवंटातून जातो असे आपण सगळे लिहीत आहोत. तो कोणाच्या तरी भूमीतून जातो. तनामी रस्त्यावरून सरळ जाण्यासाठी परवाना लागत नाही, पण रस्ता सोडून आदिवासींच्या मालकीच्या जमिनीवर जायचे किंवा मुक्काम करायचा तर टेरिटरीच्या बाजूला १९७६ च्या जमीनहक्क कायद्याखाली सेंट्रल लँड कौन्सिलचा परवाना घ्यावा लागतो, आणि पलीकडच्या राज्याचे नियम वेगळे आहेत. कुठल्या वस्तीत मृत्यू झाला असेल तर शोकविधींच्या काळात ती वस्ती बाहेरच्यांना बंद राहू शकते, आणि फाट्यावरची पाटी वाचून निमूट पुढे जाणे हाच शिष्टाचार. लालमाती यांना हे सांगण्याची गरज नाही, पण धागा इतरही वाचतील.

त्याच भागात, युएंडुमूच्या पूर्वेकडे, कॉनिस्टनचा परिसर आहे. १९२८ साली फ्रेड ब्रुक्स या डिंगो (रानकुत्रे) मारणाऱ्या गोऱ्या माणसाच्या हत्येनंतर पोलीस शिपाई विल्यम मरे याच्या तुकडीने कित्येक आठवडे वार्लपिरी, अनमत्यर आणि कायतेत्य लोकांना हुडकून ठार केले. सरकारी चौकशीने मृतांचा आकडा ३१ धरला आणि गोळीबार समर्थनीय ठरवला. त्या लोकांच्या आठवणीत आकडा त्याच्या कितीतरी पट आहे. आज वस्तीत जी वृद्ध माणसे आहेत त्यांचे आईवडील त्या वेळी जीव घेऊन पळालेले होते. आपण गाडीतून ज्याला 'काहीच नाही' म्हणतो त्या माळावर हे घडलेले आहे, एवढे पाहुण्यांना ठाऊक असावे.

दुसरी गोष्ट साधी. सीमा ओलांडताना घड्याळ दीड तास मागे जाते. लोक खूश होतात की वेळ मिळाला. प्रत्यक्षात जुलैत हॉल्स क्रीकला सूर्य पाचच्या सुमारासच मावळतो आणि त्यानंतर रस्ता गुरांचा असतो. तेव्हा मुक्कामाची वेळ घड्याळावर न ठरवता उन्हावर ठरवा आणि चारला थांबा.

निवडुंग

खाण्याचे काय करता? आम्ही तर मेतकूट-भातावर राहू, पण वडीलधाऱ्यांना ताजे लागते.

लालमाती

येथेच आमची खरी गंमत होते. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात ताजी फळे, भाज्या, मध, रोपे आणि बियाणे नेण्यावर कडक बंधने आहेत. कुनुनुराच्या रस्त्यावर तपासणी नाका असतो. तनामीवर तुम्हाला कोणी अडवत नसले तरी नियम तोच आहे. त्यामुळे सीमेच्या आदल्या मुक्कामी कांदे, बटाटे, टोमॅटो, कोथिंबीर आणि ॲलिस स्प्रिंग्जहून जीव टाकून आणलेला कढीपत्ता हे सगळे एकाच रात्री संपवावे लागते. मागच्या वेळी त्या एका रात्री रस्साभाजी, कांदाभजी आणि झुणका एवढे झाले होते आणि पुढे हॉल्स क्रीकच्या दुकानापर्यंत डाळ-भात आणि सुकी चटणी. भाकरीचे पीठ बंद पाकिटातले नेले. मांडे-पुरणपोळीचे बेत करणाऱ्यांनी घरीच थांबावे.

मद्याचेही सांगते, कारण पाहुणे मंडळी नकळत अडकतात. आमची वस्ती आणि वाटेतल्या बऱ्याच वस्त्या मद्यबंदीच्या आहेत, आणि डिकीत बाटली सापडली तर दंडाबरोबर गाडीही जप्त होऊ शकते. हॉल्स क्रीक आणि फिट्झरॉय क्रॉसिंगमध्येही बाहेर नेण्यासाठी फक्त सौम्य बिअर मिळते.

पर्थकर

आता डांबराच्या टप्प्याबद्दल, कारण दोन्ही मार्गांत हॉल्स क्रीकनंतरचा रस्ता एकच आहे. हॉल्स क्रीक हे १८८५ च्या सोन्याच्या शोधातून उभे राहिलेले गाव. तेथे मोटेल आहे, दुकान आहे, दवाखाना आहे. एक दिवस येथेच काढा, गाडीची धूळ उतरवा, एअर फिल्टर झटका, टायरचा दाब परत ४० वर आणा. पुढे २९० किलोमीटरवर फिट्झरॉय क्रॉसिंग. जानेवारी २०२३ मध्ये एली चक्रीवादळाच्या उरलेल्या पावसाने नदीला जो पूर आला त्यात येथला पूल मोडला, आणि किम्बर्लीचा पूर्व-पश्चिम रस्ताच तुटला. ट्रकवाल्यांना हजारो किलोमीटरचा वळसा पडला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नवा, दोन पदरी पूल वाहतुकीला खुला झाला. पुलावरून जाताना झाडांच्या फांद्यांत अडकलेला गाळ कुठपर्यंत आहे ते पाहा. तेवढ्यावरून पुराची कल्पना येते. गावाजवळच गीकी घळ आहे, डांगू हे तिचे मूळ नाव, आणि फेऱ्या चालू असतील तर तेथे नावेतून फिरता येते. गुडघेवाल्यांना सर्वांत सोयीचे ठिकाण हेच.

त्यापुढे ब्रूमपर्यंत पोटफुगी बोआब झाडे सोबत करतात. ही आपल्याकडच्या गोरखचिंचेची सख्खी नातलग आहेत. सासूबाई लगेच ओळखतील.

ट्रकविषयी सावध. येथले रोड ट्रेन, म्हणजे अनेक ट्रेलर जोडलेले ट्रक, ५३.५ मीटरपर्यंत लांब असतात. डांबरावर ओव्हरटेक करायला समोर किलोमीटरभर मोकळा रस्ता दिसला पाहिजे. मातीवर तो समोरून आला तर डावीकडे घेऊन थांबा, काचा बंद करा आणि धूळ पूर्ण बसेपर्यंत निघू नका, कारण त्याच धुळीत मागून दुसरा असू शकतो. यूएचएफ रेडिओ चॅनेल ४० वर ठेवलात तर चालक स्वतःच सांगतात.

भरतीओहोटी

ब्रूमला पोहोचल्यावर पहिले काम भरतीचे वेळापत्रक घेणे. येथे भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरपर्यंत जातो. कोकणात वाढलेल्या माणसालाही हे पाणी आत कुठे गेले असा प्रश्न पडतो. केबल बीचचे नाव १८८९ साली जावापासून येथे आणलेल्या तारायंत्राच्या केबलवरून पडले. किनारा पश्चिमाभिमुख असल्याने सूर्य पाण्यातच बुडतो, आणि ते पाणी आपल्याच हिंदी महासागराचे आहे. पुळण घट्ट आणि सपाट आहे, सासूबाईंना चालता येईल. गाडी वाळूवर नेण्याची मुभा काही भागात आहे, पण मोठी भरती बघता बघता गाडी गिळते.

अगदी मोठ्या ओहोटीला रोबक उपसागरात विमानांचे सांगाडे उघडे पडतात. ३ मार्च १९४२ रोजी जपानी विमानांनी येथे हल्ला केला तेव्हा जावाहून निर्वासित डच कुटुंबांना घेऊन आलेली उडत्या बोटींसारखी विमाने पाण्यावर उभी होती. त्याच गावात मोत्यांच्या शिंपल्यांसाठी बुड्या मारताना मेलेल्या जपानी पाणबुड्यांची मोठी दफनभूमी आहे. एकाच गावात हे दोन्ही आहे, हे मला अजूनही विलक्षण वाटते.

जून ते ऑगस्ट खोल्या मिळत नाहीत, आणि मिळाल्या तर भाव डोळे पांढरे करतात. मार्ग कोणताही ठरो, ब्रूमची खोली आधी ठरवा. जुलै हा काळ पोहण्यासाठी बरा, कारण विषारी जेलीफिशचा धोका पावसाळी महिन्यांत जास्त असतो. तरी मगरीची पाटी दिसली तर ती शोभेची समजू नये.

सुईदोरा

माझे मत विचाराल तर मी मार्गाचा निर्णय किलोमीटरवर घेणार नाही. प्रश्न एवढाच की दोन मदतीच्या ठिकाणांमध्ये किती तास जातात. डांबराच्या मार्गावर तीन हजार किलोमीटर असले तरी दोन रोडहाऊसमधले अंतर सहसा दोन-तीन तासांचे असते, दिवसातून अनेक गाड्या दिसतात, रात्री पलंग मिळतो. तनामीवर एकाच टप्प्यात दीड दिवस काहीही नाही. निरोगी माणसाला तो दीड दिवस आनंदाचा असतो. इन्सुलिनवरच्या माणसाला तो आनंदाचाही असू शकतो, पण तुम्ही त्या वेळात काय करणार याचे उत्तर आधी हवे.

पर्थकर

या मुद्द्यावर मी माघार घेतो, अर्धी. सासऱ्यांची साखर गेले सहा महिने स्थिर असेल आणि डॉक्टर हो म्हणत असतील तर तनामी. नसेल तर डांबर, पण मग सहाऐवजी आठ दिवस घ्या आणि कॅथरिनला दोन रात्री थांबा. सहा दिवसांत ते उरकण्याचा विचार असेल तर तनामीच बरी.

लालमाती

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री साताऱ्याला फोन केला आणि सगळा धागा सासऱ्यांना वाचून दाखवला. त्यांची साखर गेल्या दोन तपासण्यांत वरखाली झालेली आहे, हे त्यांनी आम्हाला आजवर सांगितले नव्हते, धाग्यामुळे कळले. तेव्हा तनामी बाद.

ठरले ते असे. मी सासू-सासऱ्यांना घेऊन डांबराने, कॅथरिनच्या मुक्कामासह, आरामात जाणार. गाडी आमचीच, कारण फ्रिज आणि खुर्ची तिच्यातच बसवली आहे. नवऱ्याला एवढी रजा नाही. तो आमच्या शेजाऱ्यांच्या दोन गाड्यांपैकी एकीत बसून तनामीने येईल, आम्हाला हॉल्स क्रीकला भेटेल, आणि तेथून ब्रूमपर्यंत आमची गाडी तो चालवेल. दोन गाड्या असल्याने त्याचा प्रवासही एकट्यापेक्षा सुरक्षित. परतीला सासू-सासरे ब्रूमहून विमानाने पर्थला आणि तेथून मुंबईला जातील. दगडधोंडे यांचे छोटे विमान आम्ही विचारात घेतले आहे. सासरे तयार आहेत, सासूबाई नाहीत.

एकच शंका उरली. नवऱ्याबरोबर शेजाऱ्यांच्या गाडीतून आमचे जादा सामान येणार आहे, त्यात गोडा मसाला आणि घरी केलेले मेतकूट आहे. सीमेवर त्याला हरकत असते का?

पर्थकर

दळलेले, भाजलेले, बंद डब्यातले मसाले ही सहसा अडचण नसते; अडचण असते ती ताज्या आणि रुजू शकणाऱ्या गोष्टींची. अख्खे धणे, मेथी, मोहरी मात्र बियाणे धरले जाऊ शकते, ते ब्रूमलाच विकत घ्या. निघण्यापूर्वी राज्याच्या कृषी खात्याच्या संकेतस्थळावर यादी पाहून घ्या, आणि तनामी खुली आहे का हे निघायच्या दिवशी सकाळी पाहा, आदल्या रात्री नव्हे. बंद रस्त्यावर गाडी घातली तर दंड मोठा आहे.

भरतीओहोटी

तारखा कळवा. पौर्णिमेच्या आसपास आलात तर रोबक उपसागरावर चंद्राचा जिना दिसेल, म्हणजे ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलावर उगवत्या चंद्राचे पायऱ्यांसारखे प्रतिबिंब. त्या रात्रींच्या खोल्या सर्वांत आधी जातात, म्हणून आजच बघितलेले बरे.